बडोद्याची शिष्यवृत्ती आणि निवाऱ्याचा प्रश्न

समाजाने किंवा राज्याने ज्यांना बाहेर ठेवले, त्यांना उच्च शिक्षणापर्यंत पोचवण्याची बडोद्याची परंपरा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत सुरू झाली. १८८१ मध्ये महाराजांनी कारभार हाती घेतला आणि त्याच वर्षी बडोदा कॉलेजही सुरू झाले. संस्थानाचे स्वतःचे विद्यापीठ नसल्यामुळे ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. अंत्यजांसाठी, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी, शाळा याच दशकात निघाल्या, पण सवर्ण हिंदू मास्तर तिथे शिकवायला तयार होईनात. मुसलमान शिक्षक नेमून काम चालवावे लागले. १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे झाले. १९०८ पासून पंजाबातून आलेले आर्यसमाजी पंडित आत्माराम यांच्याकडे अंत्यज शाळा आणि वसतिगृहे सोपवण्यात आली. गावात खोली न मिळणाऱ्या मुलाला नुसती शाळा पुरत नाही, हे शाळाखात्याला तेव्हाच उमगलेले दिसते.

विद्यापीठाच्या पायरीवर मात्र प्रश्न मुख्यतः पैशाचा म्हणून पाहिला गेला. लेखक आणि शिक्षक कृष्णराव अर्जुन केळुस्कर यांच्या शिफारशीवरून सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर यांना बी. ए. पूर्ण करण्यासाठी दरमहा २५ रुपये मंजूर केले. १९१२ च्या अखेरीस एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीची परीक्षा दिल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले; पण काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना मुंबईला परतावे लागले. त्याच सुमारास संस्थानाने काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवायचे ठरवले आणि त्यांत आंबेडकरांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सह्या झाल्या. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. दान आणि करार यांचे हे मिश्रण त्या काळच्या संस्थानी व्यवहाराला धरूनच होते.

कोलंबिया विद्यापीठात प्रवेशाला जात आडवी आली नाही. राहण्याचेही जमले: आधी हार्टली हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, पुढे लिव्हिंग्स्टन हॉल. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये प्रबंध सादर झाला आणि पुढचा अभ्यास लंडनला सुरू झाला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि तिथला अभ्यास अर्धाच सोडून त्यांना परतावे लागले.

त्यानंतरचा प्रसंग आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात स्वतः नोंदवला आहे. करारानुसार ते बडोद्याला आले, पण शहरात त्यांना जागा मिळेना. हिंदू हॉटेलात शिरण्याची सोय नव्हती, म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशी मंडळींचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे विचारून पाहिले. दोघांनीही सभ्य शब्दांत टाळले. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, काढले. संस्थानाचे दिवाण तेव्हा मनुभाई मेहता होते. त्यांच्याकडूनही घराची सोय झाली नाही. ज्या राज्याने या तरुणाला न्यूयॉर्कपर्यंत पाठवले, त्या राज्याच्या राजधानीत त्याला एक खोली मिळू नये, ही बडोद्याच्या शिक्षणधोरणातली खरी फट होय. लंडनचा अर्धवट अभ्यास त्यांनी १९२० नंतर पूर्ण केला. त्या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज आणि नवल भथेना या मित्राची मदत झाली.

संस्थानाचे स्वतःचे विद्यापीठ व्हावे, हा विचार बराच काळ चालू होता आणि १९२६-२७ मध्ये त्यासाठी आयोगही नेमला गेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठ प्रत्यक्षात आले ते ३० एप्रिल १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन होण्याच्या आदल्या दिवशी. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता या मनुभाईंच्याच कन्या. त्याआधी त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या. १० डिसेंबर १९४८ च्या जाहीरनाम्यातल्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ ऐवजी ‘सर्व माणसे’ असा बदल झाला, तो त्यांच्या आग्रहामुळे. त्याच जाहीरनाम्यात कलम १४ छळापासून आश्रय मागण्याचा हक्क मांडते आणि कलम २६ गुणवत्तेच्या आधारे सर्वांना उच्च शिक्षण समान खुले असावे असे म्हणते. दोन्ही कलमे एकाच कागदावर आली, तरी त्यांची सांगड घालण्याची तरतूद कुठेच नव्हती.

फाळणीने आश्रय आणि शिक्षण यांची सांगड घालण्याची गरज तातडीची केली. बडोद्यातही सिंधी निर्वासित आले. वारसिया ही त्यांची मोठी वसाहत. विद्यार्थ्यांसाठी ठिकठिकाणी वेगवेगळे उपाय निघाले. दिल्लीत पूर्व पंजाब विद्यापीठाने संध्याकाळचे कॅम्प कॉलेज काढले. मुंबईत कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये जयहिंद कॉलेज सुरू केले. कुणी सामावून घेण्याची वाट न पाहता निर्वासितांनीच उभारलेले हे कॉलेज होते, आणि बडोद्याच्या राजाश्रयी पद्धतीहून हे वेगळे ठरते. अर्थात फाळणीतून आलेले हे लोक नागरिक मानले गेले, ही त्यांची मोठी जमेची बाजू.

परदेशातून आलेल्या आश्रयार्थीची गोष्ट वेगळी आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. परदेशी विद्यार्थ्याच्या प्रवेशाला पासपोर्ट, विद्यार्थी व्हिसा आणि मूळ गुणपत्रिका लागतात. घाईने देश सोडलेल्याकडे नेमके हेच कागद नसतात. डिसेंबर २०११ च्या केंद्रीय कार्यपद्धतीनुसार पात्र निर्वासितांना दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि त्यावर शिकण्याची मुभा मिळू लागली, पण ती प्रत्येक प्रकरण तपासून. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची जर्मनीच्या मदतीने १९९२ पासून चालणारी डाफी शिष्यवृत्ती भारतातल्या निर्वासित विद्यार्थ्यांपर्यंतही पोचते.

अफगाणिस्तानातले तरुण मात्र बहुतेक वेळा निर्वासित म्हणून नव्हे, तर भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येत. सयाजीराव विद्यापीठातही ते शिकत होते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडल्यावर, शिक्षणासाठी आलेल्या या मुलांना परत जाणे धोक्याचे झाले. उलट बाजूने, भारताबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा केंद्र सरकारने त्याच महिन्यात रद्द केले. त्यामुळे कोविडकाळात घरी गेलेल्या अनेक अफगाण विद्यार्थ्यांना भारतातल्या आपल्या विद्यापीठांत परतता आले नाही.