संसर्गकेंद्राचा सिद्धान्त आणि उपटलेले दात

तोंडाच्या विकारांचा सबंध शरीरावर परिणाम होतो, हा विचार वृद्धांच्या आरोग्यासंबंधी आज आग्रहाने मांडला जात असला, तरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो एकदा प्रतिष्ठा पावून बदनामही झाला होता. बर्लिनमध्ये जंतुशास्त्राचा अभ्यास केलेले अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९१ मध्ये तोंड हे संसर्गाचे केंद्र असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १९१० मध्ये लंडनचे डॉ. विल्यम हंटर यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्याख्यानात, कुजक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यकावर कठोर टीका केली. एका जागी दडलेले जंतू किंवा त्यांची विषे रक्तावाटे दूरच्या अवयवांत जाऊन रोग उत्पन्न करतात, असे सांगणारा ‘संसर्गकेंद्र सिद्धान्त’ शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांच्यामुळे वैद्यकात सर्वमान्य झाला.

सिद्धान्तापेक्षा घातक ठरला तो त्यावरून काढलेला उपाय. सांधे दुखत असोत वा कारण न कळणारा थकवा असो, संशयित दात, आणि पुष्कळदा धडधाकट दातही, उपटले जाऊ लागले. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेडाचे मूळही दातांत शोधले आणि हजारो दात काढवले; स्वतःच्या मुलांचे दातही त्यांनी सोडले नाहीत, यावरून त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती एवढे म्हणता येईल. १९३८ मध्ये सेसिल व अँजेव्हिन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांची पाहणी करून दात किंवा टॉन्सिल काढल्याने लाभ होत नसल्याचे दाखवले, आणि हा सिद्धान्त मागे पडला.

१९८९ मध्ये फिनलंडमधील मटिला व सहकाऱ्यांनी दातांची दुरवस्था व हृदयविकाराचा झटका यांत संबंध आढळल्याचे नोंदवल्यावर हा विषय पुन्हा उघडला. मात्र धूम्रपान आणि मधुमेह दोहोंनाही कारण होत असल्याने, असा सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे.

वृद्धांच्या न्यूमोनियाविषयीचा पुरावा याहून भक्कम आहे, कारण गिळण्याची क्रिया मंदावली की जंतूंनी भरलेली लाळ नकळत श्वासनलिकेत उतरते. जपानमधील ११ शुश्रूषागृहांत योनेयामा व सहकाऱ्यांनी दोन वर्षे केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचे तोंड जेवणानंतर परिचारिका वा सेवक नियमाने स्वच्छ करत, त्यांच्यापैकी ११ टक्के वृद्धांना, तर इतरांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला. हा लाभ ज्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता, त्यांनाही झाला.