बाळागोळी आणि गिरणीचा भोंगा

तान्ह्या मुलाला किती वाजता पाजावे, कधी निजवावे आणि रात्री ते जागे झाले तर काय करावे, या गोष्टी घरगुती समजल्या जातात. आजीने सांगाव्या, सुईणीने दाखवाव्या आणि सुनेने शिकाव्या, असा तो विषय. इतिहासकार तिकडे सहसा वळत नाहीत. परंतु मुंबईच्या कापड-गिरण्यांच्या इतिहासात एक काळ असा येऊन गेला, की ज्या वेळी हजारो तान्ह्या मुलांच्या झोपेची वेळ आईने ठरविली नाही, आजीने ठरविली नाही आणि त्या मुलांच्या भुकेनेही ठरविली नाही. ती गिरणीच्या भोंग्याने ठरविली. आणि भोंग्याचा हुकूम बाळापर्यंत पोहोचविण्याचे काम मोहरीएवढ्या एका काळ्या गोळीने केले. त्या गोळीचे नाव बाळागोळी. तिच्यात अफू असे.

ही गोळी घरात कशी आली, हे समजण्यासाठी प्रथम गिरणीत गेलेल्या स्त्रिया ज्या गावांतून आल्या तिकडे पाहिले पाहिजे. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतील बऱ्यापैकी सुस्थितीतल्या घरांत बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती मिळे. शेक-शेगडी, काढा, डिंकाचे व अळिवाचे लाडू हा तिचा आहार-उपचार. आणि बाळाला सकाळी तेल चोळून कढत पाण्याची अंघोळ, नंतर वेखंड-ओव्याची धुरी, मग पोटभर दूध आणि झोळीत किंवा पाळण्यात लांब झोप. घड्याळ घरात नसले तरी दिनक्रम होता, आणि तो पुष्कळसा अंघोळीभोवती बांधलेला होता. सहाणेवर उगाळलेल्या घुटीत हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड यांचे दोन-चार वळसे असत. झोपेसाठी जायफळाचाही एखादा वळसा पडे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते आणि घुटीलाही ते नकोच म्हणते. पण तो प्रश्न वेगळा. शेतमजुराच्या घरात हा सव्वा महिना पुरा होत नसे, हेही खरे. तरी तेथील आई मुलाला बांधावर नेऊ शके, झाडाला झोळी बांधू शके आणि ते रडले की खुरपे खाली ठेवून त्याला जवळ घेऊ शके.

गिरणीत झाडही नव्हते आणि बांधही नव्हता. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला आणि त्यांना रात्रीच्या कामातून सोडविले. ती सुधारणाच होती. पण अकरा तास हे तान्ह्या मुलाच्या दृष्टीने फार होतात. नवजात अर्भक दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिते. दिवस कोणता आणि रात्र कोणती, हा भेद त्याच्या शरीराला साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळू लागतो. आईच्या शरीराचाही नियम असा, की मूल जितके पिईल तितके दूध येते, आणि पिणे थांबले की दूधही आटत जाते. अकरा तासांच्या दुराव्याने हे चक्र दोन्ही बाजूंनी तुटत होते.

मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात सुमारे एक-पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. त्यांचे काम मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, म्हणजे सूत गुंडाळण्याचे व लडी करण्याचे. हे काम बहुतेक उक्ते असे. जितके सूत तितकी मजुरी. त्यामुळे नाइकिणीची मर्जी असली तर एखादी स्त्री थोडी उशिरा येऊ शके किंवा मध्येच चाळीत जाऊन मुलाला पाजून येऊ शके. तेवढ्या वेळाची मजुरी मात्र बुडे. मुलाच्या एकेका पाजण्याची किंमत आण्या-पैशांत मोजावी लागावी, ही गोष्ट त्या स्त्रियांच्या आयांना ठाऊक नव्हती.

आई गिरणीत गेल्यावर मूल कोणाजवळ राही? शेजारच्या म्हातारीजवळ किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ. मुंबई सरकारने स्त्री-कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली होती. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. चाळीतील पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद अशा एका खोलीत सहा कुटुंबे राहत असल्याचे त्यांनी नोंदविले आहे. सहा चुली, आणि लहानमोठी मिळून तीस माणसे. अशा खोलीत भुकेले मूल दिवसभर रडू लागले तर काय होईल, हे सांगावयास नको. तेथे बाळागोळी येते. सकाळी कामाला जाताना एक गोळी दिली की मूल निपचित पडून राही. आणि दिवसभर राबून आलेल्या माणसांना झोप मिळावी म्हणून रात्री दुसरीही दिली जाई. डॉ. बार्न्स यांना हा प्रघात कामगार स्त्रियांच्या मुलांत जवळजवळ सार्वत्रिक आढळला.

अफूचे कार्य येथे थोडे समजून घेतले पाहिजे, कारण गोळी देणाऱ्या आईला ती क्रूर वाटत नव्हती. ती औषधासारखी वाटत होती. अफूने वेदना शमते, आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून मूल जुलाबातूनही शांत झाल्यासारखे दिसते. त्याच वेळी त्याची भूकही मरते आणि श्वासही मंद होतो. मात्रा थोडी चुकली तर तो थांबतो. मात्रा चुकली नाही तरी मूल कमी पिते, म्हणून खुरटते. आणि गोळीचा अंमल उतरू लागला की किरकिरते, म्हणून पुन्हा गोळी दिली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ही शिस्त वाटावी: ठरल्या वेळी झोप, ठरल्या वेळी दूध.

यात हिंदुस्थानचे काही विशेष अज्ञान होते असे मानण्याचे कारण नाही. लँकेशायरच्या गिरणी-कामगारांच्या घरांत एकोणिसाव्या शतकात ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित गोड औषध याच कामासाठी आणि याच कारणाने वापरले जात होते. यंत्र जेथे जेथे गेले, तेथे त्याच्या मागोमाग ही बाटली किंवा गोळी गेली.

गंमत अशी, की याच सुमारास पाश्चात्त्य देशांत शिशुसंगोपनाचे एक नवे शास्त्र घड्याळाची महती गात होते. अमेरिकेत डॉ. एमेट होल्ट यांचे मातांसाठी लिहिलेले पुस्तक १८९४ साली निघाले. न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रूबी किंग यांच्या प्रेरणेने १९०७ साली प्लंकेट सोसायटी स्थापन झाली. दर चार तासांनी दूध, रात्री दूध नाही आणि रडण्याला दाद नाही, असा त्यांचा शिस्तीचा उपदेश होता. हे वारे शिशुसप्ताह, प्रदर्शने आणि पत्रके यांतून इकडेही आले. स्वच्छतेविषयी त्यांनी जे सांगितले त्याचा उपयोग झाला असेल. परंतु वेळापत्रकाचा उपदेश रीलिंग खात्यातील स्त्रीला करणे म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगणे होते. तिला घड्याळाचे महत्त्व कोणी शिकवावयाचे नव्हते. पुढे १९४६ मध्ये डॉ. स्पॉक यांच्या पुस्तकाने पाश्चात्त्य मातांना घड्याळापेक्षा मुलाकडे पाहावयास सांगितले. पहिले महिने मूल मागेल तेव्हा त्याला पाजावे, हेच आज डॉक्टरही सांगतात.

मृत्यूचे आकडे भयंकर होते. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे सुमारे ६६७ अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात. मुलाचा जन्म कोकणात नोंदला जाई किंवा मुळीच नोंदला जात नसे, आणि आई कामावर परतल्यावर त्याचा मृत्यू मात्र मुंबईच्या दप्तरात पडे. पण ही सूट देऊनही जे उरते ते थोडे नाही. शिवाय या हिशेबातच एक गोष्ट दिसून येते: ज्या मुलाला गावी आईजवळ राहता आले असते, ते मजुरीपायी मुंबईस येऊन मरत होते.

उपदेशाने हे थांबणार नव्हते. आईला वेळ मिळाल्यानेच थांबणार होते, आणि वेळ देण्यास कायदा हवा होता. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. मुंबई विधिमंडळात १९२८ साली असेच विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि नंतर काही काळ आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मालकालाही त्यांनी मोकळे सोडले नाही. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूतिभत्ता कायदा झाला. सात आठवड्यांपर्यंत भत्ता मिळण्याची सोय त्यात झाली. लगेच १९३० मध्ये मध्यप्रांतानेही असा कायदा केला. त्या प्रांताची राजधानी नागपूर. तेथे १८७७ पासून एम्प्रेस मिल चालू होती आणि कामगार स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालविणाऱ्या गिरण्यांत तिचे नाव घेतले जाई.

१९३१ मध्ये व्हिटली आयोगाचा अहवाल आला. त्यात पाळणाघरांचा आग्रह होता आणि अफूच्या गोळीचीही दखल होती. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली राखून ठेवावयास लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला, आणि १९४८ च्या कायद्याने ती सक्तीची केली. मुलांना दूध देण्याची आणि आईने मधून मधून येऊन मुलाला पाजण्याची तरतूद नियमांत आली. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्या दिल्या. आया प्रारंभी पाळणाघरांत मूल ठेवावयास कचरत. दृष्ट लागेल, परक्या जातीच्या बाईच्या हाती मूल जाईल, गर्दीतून त्याला आणावे कसे, अशा त्यांच्या शंका होत्या. त्यांतील शेवटची तर अगदी व्यवहार्य होती. तरीही जेथे पाळणाघर चांगले चालले, तेथे गोळीची गरज उरली नाही, कारण मूल रडले की आई पन्नास पावलांवर होती.

या हिशेबाची दुसरी बाजू लपविण्याजोगी नाही. भत्ता आणि पाळणाघर यांचा खर्च, रात्रपाळीची बंदी आणि सुधारित यंत्रे अशा अनेक कारणांनी पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतून स्त्रियाच कमी कमी होत गेल्या. बाळ वाचले, पण आईचे काम गेले, असे कित्येक घरांत झाले.

मध्यप्रांताच्या त्या १९३० च्या कायद्याच्या कक्षेत नागपूरच्या पूर्वेस लोहमार्गावरचा दुर्ग जिल्हाही होता. त्या जिल्ह्यात भिलाईच्या कडेला कुरुद हे गाव आहे. धमतरीजवळचे कुरुद ते निराळे. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भट्टी रात्री विझत नाही. म्हणून तेथे तीन पाळ्या आल्या, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या कामगारांच्या वसाहतींतही दिवस-रात्रीची नवी वाटणी झाली. रात्रपाळीहून आलेला बाप सकाळी झोपतो, त्या वेळी मूल जागे असते. एका खोलीत दोन घड्याळे चालतात. बांधकामावर विटा-वाळू वाहणाऱ्या स्त्रियांना, ज्यांना छत्तीसगडात रेजा म्हणतात, कारखाना कायद्याचा आधार नव्हता, कारण त्या ठेकेदाराच्या होत्या. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांनी, वीस किंवा अधिक स्त्रिया असतील तेथे मुलांसाठी दोन खोल्या असाव्यात, असे सांगितले: एक खेळण्यासाठी आणि एक निजण्यासाठी.