दिनविशेष, १७ ऑक्टोबर १९४० : न विचारता लादलेले युद्ध

वर्ध्याजवळच्या पवनारमध्ये विनोबा भावे यांनी या दिवशी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली; २१ तारखेला त्यांना अटक झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या प्रतिनिधींना न विचारताच भारताला दुसऱ्या महायुद्धात ओढले होते. विरोध होता तो या न विचारण्याला. हिटलरचा पुळका कुणाला नव्हता. म्हणून तर गर्दी टाळून एकेका निवडक माणसाने भाषणाची वेळ नि जागा अधिकाऱ्यांना आधी कळवायची आणि मग कायदा मोडायचा, अशी रीत ठरली. सरकारची कोंडीच करायची असती, तर इतकी सभ्यता कशाला?

यावर कुणी विचारेल, युद्ध एवढे नकोसे होते तर सुमारे २ लाखांचे सैन्य २५ लाखांवर कसे गेले? प्रश्न रास्त आहे, आणि नाशिकसाठी तर अवघडही. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर तरुणांना सैन्यात जा म्हणत होते, डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्येच नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले होते. नाझीवादाचा धोका ओळखणाऱ्या डॉ. आंबेडकरांच्या आग्रहानंतर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. पण यांत लष्करी शिक्षणाची ओढ होती, महारांसाठी पूर्वी बंद केलेली भरती पुन्हा मिळवण्याची जिद्द होती आणि अनेक घरांत पगाराची निकड. भरतीच्या आकड्यांतून व्हाइसरॉयच्या निर्णयाला संमती काढणे म्हणजे ओढूनताणून केलेला हिशेब. सत्याग्रही मूठभर होते, हे खरेच. पण ते मुद्दामच मूठभर ठेवलेले होते.