दहा दिवसांचें बाळ

इतिहासग्रंथांत राजांच्या मरणास पानें मिळतात, सेनापतींच्या मरणास ओळी मिळतात. दहा दिवसांच्या बालकाच्या मरणास बहुधा कांहींच मिळत नाहीं. त्याचें नांव कोणत्या दप्तरांत नसतें, त्याची समाधि नसते, आणि आईखेरीज त्याची आठवण ठेवणारेंही सहसा कोणी नसतें. अशा एका बालकाचा उल्लेख मात्र एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्राच्या इतिहासांत वारंवार येतो. तें बालक डॉ. आनंदीबाई जोशी यांचें होय. पुत्रवियोगानें व्याकुळ झालेल्या मातेनें डॉक्टर होण्याचा निश्चय केला व समुद्रापलीकडे जाऊन तो तडीस नेला, ही कथा शाळेंतील मुलांसही ठाऊक आहे. ती खोटी नाहीं. परंतु ज्या सरळपणानें ती सांगितली जाते त्यांत दुःखाविषयींचा एक गैरसमज दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें. त्याचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं कल्याणच्या एका जोशी घराण्यांत झाला. माहेरचें नांव यमुना. वयाच्या नवव्या वर्षीं पोस्टखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी या बिजवराशीं त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांस मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळें तो दहा दिवसांचा होऊन वारला. चरित्रकारांच्या हातीं या मुलाविषयीं याहून फारसें कांहीं लागत नाहीं.

त्या काळचें बाळंतपण कसें होत असे हें जाणल्याखेरीज या एका वाक्याचा अर्थ ध्यानांत येत नाहीं. अंधारी, कोंदट खोली, शेगडीचा धूर, सुईण आणि घरांतील वडील बायका एवढाच बाळंतिणीचा आधार. परपुरुष वैद्यास अंगावर हात लावूं देणें कुलीन घरांत अशक्य, आणि स्त्रीवैद्य तर दुर्मिळच. बाळ दगावलें म्हणजे सटवीनें कपाळीं लिहिलें तें चुकत नाहीं, देवानें दिलें व देवानेंच नेलें, कूस पुन्हां उजवेल, अशा शब्दांनीं आईचें समाधान केलें जाई. हें समाधान करणाऱ्या स्त्रिया निर्दय नव्हत्या. त्यांपैकीं कित्येकींनीं स्वतः दोन दोन, चार चार मुलें पुरलीं होतीं, आणि ज्या शब्दांवर त्या स्वतः जगल्या तेच शब्द त्या दुसरीस देत होत्या.

धर्मशास्त्रानेंही अशा दुःखास फारशी जागा ठेविली नव्हती. दोन वर्षांखालील मूल वारलें असतां त्यास दहन न करितां पुरावें व उदकदान करूं नये, असा स्मृतिकारांचा नियम आहे. वडील माणूस गेलें म्हणजे दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध या पायऱ्यांवरून कुटुंबाचा शोक हळूहळू खालीं उतरतो. बालकाच्या आईस अशी एकही पायरी नाहीं. आपल्याकडे बारसें बाराव्या दिवशीं होतें आणि हें मूल दहा दिवसच जगलें. म्हणजे रूढ क्रम पाहतां त्यास पाळण्यांत घालून नांव ठेवण्याची वेळच आली नाहीं. ज्यास नांव नाहीं त्यासाठीं कोणत्या नांवानें रडावें?

आतां रूढ कथेकडे वळूं. पुत्र गेला आणि त्याच क्षणीं मातेनें प्रतिज्ञा केली, असें चित्र रंगविण्यांत येतें. प्रत्यक्ष क्रम याहून संथ आहे. पत्नीस शिकविण्याचा गोपाळरावांचा ध्यास मुलाच्या जन्मापूर्वींचा. अमेरिकन मिशनऱ्याशीं झालेला त्यांचा पत्रव्यवहार तिकडील एका मासिकांत छापला गेला, तो १८८० सालीं न्यू जर्सींतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनांत आला, आणि त्यांतून एका अनोळखी परदेशी स्त्रीशीं आनंदीबाईंचा स्नेह जडला. त्या तिला मावशी मानूं लागल्या. पुढें नवऱ्याच्या बदल्यांबरोबर त्या बंगालपर्यंत गेल्या. श्रीरामपूरच्या कॉलेजांत फेब्रुवारी १८८३ मध्यें त्यांनीं भाषण करून आपण अमेरिकेस कां जातों हें लोकांस सांगितलें, तें हिंदुस्थानास हिंदु स्त्रीडॉक्टरांची गरज आहे या मुद्द्यावर. एप्रिलमध्यें त्या कलकत्त्याहून निघाल्या. मुलाच्या मरणानंतर मध्यें वर्षें लोटलीं होतीं. एवढ्या काळांत केवळ आवेश असता तर विझून गेला असता. जें टिकलें तें अधिक खोल होतें. हें मूल वांचलें असतें काय, हा तो प्रश्न होय. सटवीच्या लेखावर भरंवसा ठेवणाऱ्यास तो विचारतां येत नाहीं. तो विचारणें म्हणजे जखम उघडी ठेवणें; पण दुसऱ्या आईच्या मुलाचा उपायही त्याच प्रश्नांतून निघतो.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं शिक्षण घेतलें. थंडी व आजार यांनीं शरीर पोखरत असतांही ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं एम्. डी. ही पदवी मिळविली. समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. पदवीच्या प्रबंधासाठीं त्यांनीं निवडलेला विषय होता, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वैद्यकांत विषयांस काय तोटा? वीस वर्षांची ही मुलगी ज्या खोलींत आपलें बाळ गमावून बसली होती, त्याच खोलीकडे शास्त्राचा दिवा घेऊन परतली. प्रबंधांत शोकाचा शब्द असण्याचें कारण नव्हतें. तरी तो वाचणारास त्यामागील पाळणा दिसल्यावांचून राहत नाहीं.

येथें आमचा मुख्य आक्षेप येतो. एक बाळ गेलें म्हणून देशास पहिली स्त्रीडॉक्टर मिळाली, असा हिशेब कित्येक लेखक मोठ्या समाधानानें मांडतात. जणूं तें मरण म्हणजे योग्य वेळीं भरलेली किंमतच. हा हिशेब मातेच्या दृष्टीनें कधींच जमत नाहीं. आनंदीबाईंस पुढें दुसरें अपत्य झालें नाहीं, आणि कोणत्याही पदवीनें पहिल्याची जागा भरली असेल असें मानण्यास आधार नाहीं. दुःखाच्या शेजारीं आशा उगवते, दुःखाचें रूपांतर होऊन ती होत नाहीं. बरें होणें याचा अर्थ विसरणें नव्हे, आणि गेलेल्या जिवास उपयुक्त ठरविणें तर मुळींच नव्हे. आजही अपत्य गमावलेल्या आईस यांतून कांहीं चांगलेंच होईल असें सांगणारे भेटतात. त्यांनीं आधीं तिचें ऐकून घ्यावें.

शेवटही कथाकारांच्या सोयीचा झाला नाहीं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली होती, पण क्षयानें त्यांस तें काम करूं दिलें नाहीं. नोव्हेंबर १८८६ मध्यें त्या स्वदेशीं परतल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेविली गेली. ज्यांच्या मुलास नांवही मिळालें नव्हतें, त्यांच्या नांवाची शिला एका परक्या मावशीनें आपल्या घरच्या माणसांत उभी केली.

तरी तो प्रश्न त्यांच्याबरोबर गेला नाहीं. मुंबईस स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं कामा इस्पितळ १८८६ सालींच उघडलें. रखमाबाईंनीं इंग्लंडांत वैद्यकीय शिक्षण १८९४ सालीं पुरें केलें व सुरतेस स्त्रियांच्या इस्पितळाचें काम हातीं घेतलें. पुढें अशा स्त्रियांची ओळ लांबत गेली. सरकारच्या नमुना नोंदणीप्रमाणें २०२० सालीं हिंदुस्थानांत दर हजार जन्मांमागें २८ अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं. आनंदीबाईंच्या काळाशीं ताडून पाहतां हा आंकडा दिलासा देतो; पण त्या अठ्ठावीस घरांत तो कोणासही दिलासा देत नाहीं. म्हणून हे दोन्ही विचार मनांत एकत्र बाळगले पाहिजेत: पुष्कळ बाळें आज वांचतात याचा आनंद, आणि जें वांचलें नाहीं त्याच्या आईचा शोक खरा मानण्याची माणुसकी. आनंदीबाईंच्या चरित्रानें आपल्यास एवढें शिकविलें तर त्या दहा दिवसांच्या बाळाची नोंद इतिहासांत योग्य रीतीनें झाली असें म्हणतां येईल.