हैदराबादचे नाव मिरविणारी विमाने

लंडनच्या उत्तर भागात हेंडन येथे ब्रिटिश विमानदळाचे संग्रहालय आहे. तेथे पहिल्या महायुद्धातील एक बाँबफेकी विमान ठेवलेले आहे. एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले कापड, असे त्याचे रूप. एफ १०१० हा त्याचा सरकारी क्रमांक. परंतु पाहणाऱ्याचे लक्ष वेधते ते त्या क्रमांकाकडे नव्हे, तर विमानाच्या अंगावर रंगविलेल्या अक्षरांकडे. हे विमान हैदराबादच्या निजामांनी भेट दिले असून ते 'क्रमांक १२-अ' आहे, असे ती अक्षरे सांगतात. त्या विमानात कोण बसले होते, हे मात्र ती सांगत नाहीत. दख्खनच्या पठारावरील एका राजधानीचे नाव युरोपच्या आकाशात कसे गेले, आणि त्या नावाखाली कोणती माणसे उडाली, ही हकीकत म्हणूनच जाणून घेण्यासारखी आहे.

१९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा विमान हे नवे आणि महागडे शस्त्र होते. ब्रिटिश सरकारने त्यासाठी साम्राज्यातील राजेरजवाडे, वसाहती, शहरे आणि व्यापारी मंडळ्या यांच्याकडून देणग्या स्वीकारण्याची प्रथा पाडली. जो विमानाची किंमत देईल त्याचे नाव, अथवा तो सांगेल ते नाव, विमानावर रंगविले जाई. ते विमान शत्रूने पाडले किंवा अपघातात मोडले, तरी देणगीदाराने निराश होण्याचे कारण नसे; कारण तेच नाव कारखान्यातून आलेल्या दुसऱ्या विमानावर चढविण्यात येई. अशा रीतीने देणगी अमर राहण्याची सोय केलेली होती.

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. त्यांनी या कामी अठरा विमानांची देणगी दिली. ती ज्या पथकाला मिळाली ते ११० वे पथक नोव्हेंबर १९१७ मध्ये उभारले गेले होते, आणि या भेटीमुळे ते 'हैदराबाद पथक' या नावानेच ओळखले जाऊ लागले. पुढे त्याच्या बोधचिन्हात वाघ आला तोही हैदराबादची आठवण म्हणूनच.

ही विमाने डी. एच. ९-ए या जातीची होती. त्यांत अमेरिकन बनावटीचे, बारा सिलिंडरांचे, चारशे अश्वशक्तीचे लिबर्टी एंजिन बसविलेले असे. प्रत्येक विमानात दोनच माणसे बसत. पुढे वैमानिक आणि त्याच्या पाठीशी निरीक्षक. मार्ग पाहणे, नोंदी ठेवणे आणि शत्रूचे विमान मागून आले तर मशीनगन चालविणे, ही निरीक्षकाची कामे. दोघांच्याही डोक्यावर छप्पर नसे. हजारो फूट उंचीवरच्या गोठविणाऱ्या वाऱ्यात तास न् तास बसावे लागे. एंजिनाच्या आवाजात बोलणे कठीण, म्हणून पुष्कळसा व्यवहार हातवाऱ्यांनीच चाले. आणि ब्रिटिश विमानांतील या माणसांना हवाई छत्री दिलेली नसे. विमानाला आग लागली तर ते जमिनीवर उतरेपर्यंत जळत्या लाकडाकापडात बसून राहावयाचे अथवा खाली उडी घ्यावयाची, एवढेच दोन मार्ग उरत.

१९१७ साली जर्मन विमानांनी लंडनवर दिवसाढवळ्या बाँब टाकले होते. त्या घटनेने इंग्लंडातील लोकमत खवळून उठले आणि जर्मनीच्या शहरांवर व कारखान्यांवर हल्ले करण्यासाठी जून १९१८ मध्ये एक स्वतंत्र हवाई सेना उभारण्यात आली. तिचे आधिपत्य ह्यू ट्रेंचर्ड यांच्याकडे होते आणि तिची विमानतळे पूर्व फ्रान्समध्ये नान्सीच्या आसपास होती. हैदराबाद पथक सप्टेंबर १९१८ च्या प्रारंभी तेथे जाऊन दाखल झाले. युद्ध ११ नोव्हेंबरला संपले. म्हणजे या पथकाच्या वाट्याला युद्धाचे जेमतेम दहा आठवडे आले.

ते दहा आठवडे कसे गेले, हे समजण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या प्रदेशात वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. पूर्वेकडे जर्मनीत शिरताना तो पाठीशी असे, आणि जाणे सोपे होई. परतताना तोच वारा तोंडावर येई. बाँब टाकून झालेले, शत्रूला ठाऊक झालेले, इंधन संपत आलेले विमान वाऱ्याशी झुंजत हळूहळू घराकडे सरके, आणि नेमक्या त्याच वेळी जर्मन विमाने त्याला गाठत. सहा-सहा विमानांचा थवा करून एकमेकांस मशीनगनीचा आधार द्यावयाचा, हाच काय तो बचाव. ढगांमुळे अथवा एंजिन बिघडल्यामुळे जो थव्यातून मागे पडला, त्याची आशा फारशी उरत नसे.

२५ सप्टेंबर रोजी पथकाने फ्रँकफुर्टवर हल्ला केला. त्यात चार विमाने गमावली. २१ ऑक्टोबर रोजी खराब हवेत निघालेल्या एकाच मोहिमेतून सात विमाने परतली नाहीत. युद्ध थांबले तेव्हा या पथकाची सतरा विमाने बेपत्ता म्हणून नोंदली गेली होती. अपघातांत मोडली ती निराळीच. निजामांची मूळ भेट अठरा विमानांची होती, हे आठवले म्हणजे या आकड्याचा अर्थ उमगतो. सतरा विमाने म्हणजे चौतीस जागा, आणि चौतीस जागा म्हणजे चौतीस माणसे.

'बेपत्ता' हा शब्द सैन्याच्या दप्तरात लहानसा दिसतो. त्याचा अर्थ एवढाच, की माणूस गेला आणि आला नाही. तो मेला असेल, बंदिवान झाला असेल अथवा एखाद्या शेतात जखमी होऊन पडला असेल. घरी तार जाई तीत याहून अधिक काही नसे. मग रेडक्रॉसकडून बंदिवानांच्या याद्या येत, त्यांत नाव शोधावयाचे. यादीत नाव सापडले तर तो घरात उत्सव, आणि न सापडले तर पुढच्या यादीची वाट. विमान हरवले याची नोंद त्याच संध्याकाळी होई. माणूस हरवला याची खात्री पटावयास कित्येक महिने लागत, आणि काही घरांत ती कधीच पटली नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की या विमानांच्या खाली जी शहरे होती त्यांतही माणसेच राहत होती. एवढ्या उंचीवरून टाकलेला बाँब कारखान्यावरच पडेल याचा भरवसा कोणालाही देता येत नव्हता. वर दोन माणसे जिवावर उदार होऊन बसलेली, आणि खाली ज्यांनी त्यांना कधी पाहिले नाही अशी कुटुंबे. हवाई युद्धाचे हे स्वरूप १९१८ सालीच स्पष्ट झाले होते.

हेंडन येथे जे विमान आज उभे आहे ते ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीत खाली आले. त्यात कॅप्टन इंग्लिस आणि लेफ्टनंट बॉडली हे दोघे होते. दोघेही बंदिवान झाले. म्हणजे सतरांपैकी ज्यांच्या नशिबात जगणे होते, त्यांतले हे एक विमान. जर्मनांनी ते जपून ठेवले आणि पुढे १९३६ साली बर्लिन येथे उघडलेल्या विमान-संग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँबवर्षाव होऊ लागला तेव्हा तेथील बऱ्याच वस्तू पूर्वेकडे हलविण्यात आल्या. त्यांबरोबर हे विमानही पोलंडमध्ये गेले आणि युद्धानंतर क्रॅको येथील संग्रहालयात राहिले. अखेर १९७७ साली एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात ब्रिटिशांनी ते परत मिळविले. ज्या जर्मन देशावर बाँब टाकावयास ते गेले, त्याच देशाच्या राजधानीवर पडणाऱ्या बाँबपासून त्याला पळावे लागले, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

आता प्रश्न देणगीचा. निजाम जगातील अत्यंत श्रीमंत राज्यकर्त्यांपैकी एक होते, हे सर्वश्रुत आहे. पण राजाची श्रीमंती आकाशातून पडत नाही. हैदराबाद संस्थानात तेलंगणातील आणि कन्नड मुलखातील जिल्हे होते. तसेच तेव्हाचे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी भाषेचे पाच जिल्हेही होते. तेथील ज्वारीच्या आणि कापसाच्या शेतांवरचा सारा संस्थानाच्या तिजोरीत जमा होई. १९१८ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाच्या साथीने खेडीच्या खेडी अंथरुणास खिळली. गोदावरीकाठच्या शेतकऱ्याला फ्रँकफुर्ट कोठे आहे हे ठाऊक नव्हते, आणि युद्धास साह्य करावयाचे की नाही हे त्याला कोणी विचारलेही नव्हते. विमानावर हैदराबादचे नाव होते खरे. परंतु ते देणाऱ्या राजाचे. त्या नावामागे राबणारी प्रजा त्यात कोठेच नव्हती, जशी आत बसलेली दोन माणसेही नव्हती.

आणि ज्या वर्षी भारतातील एका राजधानीचे नाव विमानांवर रंगविले गेले, त्याच वर्षी एक भारतीय तरुण स्वतः विमान चालवीत होता. कलकत्त्यास जन्मलेले इंद्रलाल रॉय १९१८ च्या जुलैमध्ये ब्रिटिशांच्या ४० व्या पथकात होते. अवघ्या तेरा दिवसांत त्यांच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले. २२ जुलै रोजी फ्रान्सच्या आकाशातच ते पडले. तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळविणारे ते पहिले भारतीय. पण ते पदक त्यांच्या मृत्यूनंतर जाहीर झाले. उत्तर फ्रान्समधील एस्तेव्हेल या खेड्यात त्यांची कबर आहे आणि तिच्यावर बंगाली अक्षरे आहेत. ती अक्षरे मात्र उडालेल्या माणसाचीच आठवण देतात.

एकवीस वर्षांनी दुसरे महायुद्ध आले. ते पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटिशांनी विल्हेल्म्सहाफेन बंदराजवळील जर्मन युद्धनौकांवर विमाने धाडली. त्यांत हेच ११० वे पथक आघाडीवर होते. त्याची पाच आणि १०७ व्या पथकाची पाच, अशा दहा ब्लेनहाइम विमानांनी हल्ला केला, आणि त्यांपैकी निम्मी परतली नाहीत. १९४२ मध्ये हे पथक भारतात आले आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढले. हैदराबादचे नाव घेऊन परदेशात जन्मलेले पथक अशा रीतीने चोवीस वर्षांनी हिंदुस्थानची भूमी पाहू शकले. १९७१ साली ते विसर्जित झाले.

याच युद्धात १५२ आणि २५३ या आणखी दोन पथकांना हैदराबादचे नाव मिळाले. पहिल्याकडे स्पिटफायर, तर दुसऱ्याकडे हरिकेन विमाने होती. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशात जो निर्णायक संग्राम झाला, त्यात ही दोन्ही पथके लढली. ३१ ऑगस्ट १९४० हा दिवस २५३ व्या पथकाला फार जड गेला. त्या दिवशी पथकाचे प्रमुख हॅरॉल्ड स्टार मारले गेले. त्यानंतर नेतृत्व करणारे टॉम ग्लीव्ह यांचे विमानही त्याच दिवशी पेटले. ते बाहेर फेकले गेले आणि या वेळी हवाई छत्री असल्यामुळे वाचले. पण चेहरा, हात आणि पाय भयंकर भाजले. ईस्ट ग्रिन्स्टेड येथील रुग्णालयात शल्यविशारद आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या. भाजलेल्या वैमानिकांनी तेथे १९४१ साली 'गिनीपिग क्लब' नावाचे एक मंडळ स्थापले. आपल्यावर नव्या उपचारांचे प्रयोग होतात, म्हणून त्यांनी विनोदाने हे नाव घेतले. ग्लीव्ह त्याचे पहिले मुख्य झाले. आरशात नवा चेहरा पाहावयास शिकणाऱ्या त्या तरुणांना एकमेकांचा आधार मिळाला, आणि तो आयुष्यभर टिकला.

पुढे हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा आपल्या भाषाबंधूंत येऊन मिळाला आणि १९६७ साली निजामही निवर्तले. देणारा राहिला नाही, राज्यही राहिले नाही. विमानांपैकी एक तेवढे राहिले.

युद्धाच्या जमाखर्चात विमानाची भरपाई लिहिता येते. एक पडले तर दुसरे आणावे, आणि पहिल्याचे नाव दुसऱ्यावर रंगवावे. इंद्रलाल रॉय यांचे नाव दुसऱ्या कोणावर रंगविता आले नाही, आणि स्टार यांचेही नाही. हेंडनच्या संग्रहालयात जाणाऱ्या मराठी माणसाला विमानाच्या अंगावर हैदराबादचे नाव वाचून अभिमान वाटला, तर ते स्वाभाविकच आहे. त्याने क्षणभर नजर वर न्यावी. त्या नावाच्या वरच्या बाजूस एकामागे एक अशा दोन जागा आहेत, आणि दोन्ही रिकाम्या आहेत.