कासवाच्या पाठीपासून कासवाच्या पोटापर्यंत

बचत गटाच्या मासिक बैठकीत आपण हप्ता, कर्ज, वसुली असं बोलतो. आज थोडा इतिहास सांगणार आहोत. इतिहास म्हटलं की राजे आणि लढाया आठवतात. आजचा इतिहास आपल्या पिशवीचा, कंगव्याचा आणि जाळ्याचा आहे.

याची सुरुवात आमच्याच गावात झाली. आमचं गाव खाडीकाठचं. गेल्या पावसाळ्यानंतर गटातल्या एका वहिनींच्या घरी जाळं झटकलं, तेव्हा बोईट आणि कोळंबीबरोबर एक मसाल्याची रिकामी पिशवी पडली. चिखल पुसून पाहिलं तर तिच्यावर आमच्याच गटाचं नाव! आम्हीच कुटलेला, आम्हीच भरलेला, आम्हीच शिक्का मारलेला मसाला. पिशवी इतकी शाबूत होती की धुतली असती तर पुन्हा भरता आली असती. वहिनी ती बैठकीत घेऊन आल्या. कोणी हसलं, कोणी गप्प बसलं. त्या दिवशी हप्त्याचं बोलणं मागे राहिलं आणि सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न आला, की ही वस्तू आपल्या घरात आली तरी कधी?

मग आम्ही शोधायला लागलो. काही वाचलं, काही जुन्या बायकांना विचारलं.

दीडशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत श्रीमंतांचे कंगवे हस्तिदंताचे किंवा कासवाच्या कवचाचे असत. हॉक्सबिल नावाचं एक समुद्री कासव आहे. त्याच्या पाठीवरचं कवच सुंदर, पिवळं-तपकिरी. कंगवे, पेट्या आणि चष्म्यांच्या दांड्या यांसाठी ही कासवं मारली जात. बिलियर्ड खेळाचे चेंडूही हस्तिदंताचेच. हत्ती कमी होऊ लागले, तेव्हा अमेरिकेतल्या एका कंपनीने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. जॉन वेस्ली हयात नावाचा माणूस त्या खटपटीला लागला आणि १८७० च्या सुमाराला सेल्युलॉइड तयार झालं. त्यात मुख्य माल काय, तर कापसापासून केलेला पदार्थ आणि आपला कापूर! या सेल्युलॉइडचे कंगवे स्वस्त झाले आणि साध्या घरातल्या बायकांच्या हाती आले. आता हत्तीला आणि कासवाला मारायची गरज नाही, असं तेव्हा अभिमानाने सांगितलं गेलं.

मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा. प्लास्टिक पहिल्यांदा आलं ते कासवाचा जीव वाचवणारी वस्तू म्हणून.

पुढे १९०७ मध्ये बेकलाइट आलं. विजेची जुनी काळी बटणं आठवतात ना, तेच ते. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका रासायनिक कारखान्यात प्रयोग फसला आणि भांड्याच्या तळाशी पांढरा मेणासारखा थर राहिला. तो पॉलिथिन. १९३५ मध्ये अमेरिकेत वॉलेस कॅरदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं. १९४० मध्ये त्याचे पायमोजे दुकानात आले, तेव्हा तिथल्या बायकांची झुंबड उडाली. मग महायुद्धात तेच नायलॉन पॅराशूटसाठी गेलं. आणि १९६५ मध्ये स्वीडनच्या एका कंपनीला दोन कानांच्या पॉलिथिन पिशवीचं पेटंट मिळालं. ती पिशवी आखणारे स्टेन थुलिन हे स्वतः एक पिशवी घडी करून खिशात ठेवत, असं त्यांच्या मुलाने सांगितलं आहे. कागदी पिशव्यांसाठी झाडं तोडावी लागतात, ही पिशवी टिकाऊ आहे, पुन्हा पुन्हा वापरावी, असं त्यांच्या मनात होतं.

म्हणजे मूळ वस्तू टिकावी म्हणून केली. आपण ती टाकावी म्हणून वापरायला लागलो. टिकणारी वस्तू टाकली, तर ती टाकलेल्या जागी टिकणारच. खाडीतली आमची पिशवी हेच सांगत होती.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आमच्या गावात एक मावशी आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. त्यांना विचारलं, "मावशी, तुमच्या लहानपणी जाळी कसली असायची?"

मावशी म्हणाल्या, "सुताची आणि सणाची. घरातल्या बायका सूत काढून द्यायच्या. झाडाची साल उकळून तिच्या काढ्यात जाळं बुडवायचं, नाहीतर कुजायचं. रोज समुद्रातून आलं की वाळवायचं. फार राबणूक होती ग बायांनो."

"मग नायलॉन आलं तेव्हा बरं वाटलं असेल?"

"बरं म्हणजे? सण वाटला! उकळणं गेलं, हात पोळणं गेलं. वजनाला हलकं, कुजत नाही. माझ्या सासूने तर पहिल्या जाळ्याला हळदकुंकू लावलं होतं."

भारतात १९५० आणि १९६० च्या दशकांत नायलॉनचं जाळं आलं आणि हळूहळू सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. त्याने बायकांचे कष्ट कमी केले, हे खरं आहे आणि ते नाकारायचं नाही. पण सुताचं जाळं समुद्रात हरवलं तर काही महिन्यांत कुजून जाई. नायलॉनचं हरवलं तर वर्षानुवर्षं तिथेच राहतं. ओढणारा माणूस नसला तरी ते मासे, खेकडे, कासवं पकडतच राहतं. इंग्रजीत अशा जाळ्याला भुताचं जाळं म्हणतात. नाव अगदी बरोबर आहे. मालक नाही, पण धरणं सुटत नाही.

कासवाचं दुखणं समजून घ्यायचं तर त्याचं शरीर माहीत हवं. समुद्री कासव पाण्यात राहतं, पण आपल्यासारखंच फुप्फुसाने श्वास घेतं. त्याला वर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळ्यात पाय अडकला की वर येता येत नाही आणि ते बुडून मरतं. दुसरं, त्याच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. बुळबुळीत जेलीफिश गिळताना ती निसटू नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. पाण्यात तरंगणारी पिशवी जेलीफिशसारखीच दिसते. काही दिवस पाण्यात राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ आणि जिवाणू चढतात, मग त्याला खाण्यासारखा वासही येतो. कासव ते गिळतं आणि त्याच काट्यांमुळे गिळलेलं परत बाहेर टाकता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मेलेल्या कासवांचा अभ्यास मांडला. पोटात प्लास्टिकचे १४ तुकडे असले, तर कासव मरण्याची शक्यता पन्नास टक्के होते, असं त्यांना दिसलं. निव्वळ एका तुकड्यानेही जीव जाऊ शकतो.

पाठीवरच्या कवचासाठी मरत होतं, ते आता पोटातल्या पिशवीने मरतं. दीडशे वर्षांचा इतिहास एवढ्या एका वाक्यात मावतो.

१९५० साली साऱ्या जगात वर्षाला सुमारे २० लाख टन प्लास्टिक तयार होत होतं. २०१९ मध्ये ते सुमारे ४६ कोटी टन झालं. जगातल्या प्लास्टिक कचऱ्यातला जेमतेम दहावा भाग पुन्हा वापरात येतो. बाकीचा जाळला जातो, पुरला जातो किंवा ओढ्या-नदीने समुद्राला मिळतो. घाटावरच्या मैत्रिणींना वाटेल, आमचा समुद्राशी काय संबंध? कृष्णा, भीमा, गोदावरी सगळ्या शेवटी समुद्रालाच जातात.

आपल्या राज्यालाही याचा धडा मिळाला आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला. मिठी नदीला पूर आला, शेकडो माणसं गेली. पाऊस प्रचंड होता, नदीची पात्रं आधीच आवळलेली होती, आणि त्यात नाले पिशव्यांनी तुंबले होते. २००६ मध्ये राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. मार्च २०१८ मध्ये राज्याने पिशव्या, थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे चमचे-पेले यांवर बंदी जाहीर केली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून टाकायच्या काही वस्तूंवर बंदी आली. कायदे आहेत. आठवडा बाजारात किती पाळले जातात, ते आपण रोज पाहतो.

चांगलंही घडलं आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात पूर्वी कासवाची अंडी सर्रास खाल्ली आणि विकली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना आणि वनखात्याला बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवाची घरटी जपायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्रात जाताना पाहायला पाहुणे येऊ लागले, घरोघरी त्यांची राहण्या-जेवणाची सोय झाली आणि चुलीपाशी राबणाऱ्या बायकांच्या हाती पैसा आला. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह आणि तिथल्या लोकांनी २०१५ पासून कचरा उचलला. २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. आणि डिसेंबर २०१८ पासून जाळं कापून कासवासारख्या संरक्षित प्राण्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य शासन २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. जाळं कापावं लागलं तर त्याचा फोटो काढून ठेवा, हे आपल्या घरातल्या पुरुषांना जरूर सांगा.

हे प्रकरण आता प्राण्यांपुरतंही राहिलेलं नाही. प्लास्टिक कुजत नाही, नुसतं बारीक होत जातं. इटलीतल्या संशोधकांनी सहा बाळंतिणींची वार तपासली, तर चार जणींच्या वारेत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले.

आता आमच्या गटाचं सांगतो. ती पिशवी पाहून आम्ही लगेच शपथ घेतली असं नाही. मसाल्याला ओल लागून चालत नाही. काचेची बरणी महाग, शिवाय एसटीत फुटते. कागदाला तेल सुटतं. कोषाध्यक्ष ताईंनी हिशेब मांडला. सगळा माल बरणीत भरला तर गटाचा निम्मा नफा जातो. एक काकू म्हणाल्या, "कासव जगवायचं आणि आपण उपाशी राहायचं का?" प्रश्न खोटा नव्हता.

शेवटी जमेल तिथून सुरुवात केली. गावात विकायचा मसाला आता गिऱ्हाइकाच्या डब्यात मापून देतो. बाहेर जाणारा माल अर्धा किलोच्या जाड पिशवीत भरतो. आमची रिकामी पिशवी परत आणणाऱ्याला पुढच्या खरेदीत दोन रुपये सूट देतो. गेल्या चार महिन्यांत दर दहा पिशव्यांतल्या तीन-चार परत आल्या. फार नाहीत, पण तेवढ्या खाडीत गेल्या नाहीत. जाळ्याचे तुटके तुकडे किनाऱ्यावर न टाकता एका ड्रममध्ये जमा करतो.

आणि आता खरी परीक्षा आली आहे. शहरातल्या एका दुकानदाराने मोठी ऑर्डर देऊ केली आहे. त्याला मसाला हवा आहे पाच-पाच रुपयांच्या छोट्या पुड्यांत, हजारो पुड्या. गटाचं कर्ज फिटेल इतके पैसे आहेत. पण पाच रुपयांची पुडी कोणी परत आणत नाही, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. येत्या बैठकीत आम्ही ठरवणार आहोत. मोठ्या पाकिटात घेणार का, असं त्याला आधी विचारणार आहोत. तो नाही म्हणाला तर काय, यावर गटात दोन तट आहेत, आणि दोन्हीकडे शहाण्या बायका आहेत.

ती चिखलातली पिशवी आम्ही टाकली नाही. धुऊन, वाळवून गटाच्या हिशेबाच्या वहीत ठेवली आहे. बैठकीत वही उघडली की आधी तीच समोर येते. तुमच्या गटाचा माल कशात भरला जातो आणि रिकामं झालेलं कुठे जातं, याची एक ओळ तुम्हीही आपल्या वहीत लिहा. पुढच्या वेळी आम्ही काय ठरवलं ते सांगू. तुम्ही काय केलंत ते आम्हाला कळवा.