शिकंदराचा घोडा

माउली, कीर्तनात मी शिकंदराची कथा सांगत असे, ती रिकाम्या हातांची नव्हे, त्याच्या घोड्याची. ब्युसेफेलस त्याचे नाव. तो कोणालाच पाठीवर बसू देईना. पोरसवदा शिकंदराने ओळखले, की जनावर द्वाड नाही, आपल्याच सावलीला भिते आहे. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळविले, थोपटले आणि स्वार झाला. पुढे त्याच घोड्यासह तो मॅसिडोनियाहून पार पंजाबात आला.

इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाशी लढाई झाली, त्याच सुमारास घोडा गेला. कोणी म्हणतात जखमांनी, कोणी म्हणतात म्हातारपणाने. वय तीस वर्षे सांगतात. जिवलग सोबती गेल्यासारखा राजाने शोक केला, असे प्लुटार्क लिहितो. नदीकाठी त्याने घोड्याच्या नावाने नगर वसविले.

त्या काठावर माणसे किती पडली! त्यांच्या नावाचे गाव नाही. हे मला खुपे, आणि कीर्तनात मी ते ठणकावून बोलत असे. मग एका पावसाळ्यात आमचा म्हातारा बैल गेला. गोठ्यात रिकामे दावे धरून मी रात्रभर बसलो. पुढच्या कीर्तनात ते वाक्य तोंडातून निघाले नाही.